गुरुवारचा रकाना

बादू बुधवारी दुपारी आला तो घाईतच. पहाटेच्या नावेनं नदी ओलांडून, मग तीन तास व्हॅनमध्ये हाडं खिळखिळी करून घेत तो कुमासी शहरात पोचला होता, आणि दिवस मावळायच्या आत त्याला परत नदीकाठी असायचं होतं. उद्या गुरुवार. गुरुवारी आसुकेसे नदीत नाव पडत नाही.

"आज चुकलो तर शुक्रवारपर्यंत मुक्काम तुमच्याकडे," त्यानं दारातच बजावलं. "कोंबड्या मोजून ठेवा."

कुणी हसलं नाही. आराबानं त्याला पाणी दिलं. पाणी पिऊन झालं की पाहुण्याला येण्याचं कारण विचारायचं, ही रीत. कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं, तरी विचारलं गेलं, आणि बादूनंही घराण्याचा वडीलधारा म्हणून ते पहिल्यापासून मांडलं. शनिवारी मुलाकडची माणसं दार वाजवायला, म्हणजे रीतसर मागणी घालायला येणार. जिन दारूच्या दोन बाटल्या पुढे ठेवणार. त्या घ्यायच्या का, असं नवरीला, अफुआला, तीनदा विचारायचं, आणि ती तीनदा हो म्हणाली की मुलीच्या बापानं पहिल्यांदा बाटलीला हात लावायचा. सगळं ठरलं होतं. अडलं होतं ते एका खुर्चीपाशी. बापाच्या खुर्चीत कोण बसणार?

"यॉ बसेल," सेर्वा म्हणाली. "त्यात विचारण्यासारखं काय आहे?"

सेर्वा म्हणजे अफुआची आजी, आईची आई. यॉ तिचा धाकटा भाऊ. बाहेर तो प्राध्यापक यॉ अम्पोन्सेम. घरात लहानथोर सगळ्यांचा मामा. इकडच्या रीतीनं मूल आईच्या घराण्याचं, आणि घराण्यात मामाचा शब्द बापाच्या शब्दाहून जड. शिवाय अफुआला या मामांनी नुसता शब्द दिला नव्हता. शाळा दिली, विद्यापीठ दिलं, ज्या विभागाची पहिली वीट त्यांनी रचली तिथंच ती आता शिकवत होती. सत्तावीस वर्षं बापाच्या जागी तेच होते. मग एका दुपारपुरतं खुर्चीतही बसले तर काय बिघडलं, असं सेर्वाचं म्हणणं.

बादूचंही तेच मत होतं. पण अफुआनं रविवारी चर्चमधून परतताना आजीला सांगून टाकलं होतं, की खुर्चीत माझे बाबा नसतील तर मला तीनदा विचारा नाहीतर तीसदा, मी तोंड उघडणार नाही. तेव्हापासून घरात कुणी धड जेवलं नव्हतं. म्हणून तर बादूला निरोप गेला होता.

*

आराबा, यॉची बायको, स्वयंपाकघरात कुटलेल्या कंदाच्या फुफूचे गोळे ओले करून भांड्यात ठेवत होती आणि खिडकीतून सगळं ऐकत होती. घराण्याच्या बैठकीत बायकोला जागा नसते. ती समुद्रकाठची, फांती माणसांतली. चाळीस वर्षं या घरची असूनही बैठक असली की तिची जागा चुलीशी. तिला त्याचं वाईट वाटणं कधीच थांबलं होतं. उलट चुलीशी बसलेल्या माणसाला जास्त ऐकू येतं.

आज मात्र ऐकवत नव्हतं. बादू क्वासी आसारेबद्दल बोलत होता. अफुआचा बाप, आसुकेसेचा नावाडी. अजून तसाच नाव चालवतो, दुसरं लग्न केलं नाही, चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो आणि शेवटची प्रार्थना संपायच्या आत उठून जातो. "माणूस वाईट नाही," बादू म्हणाला. "पण स्वतःची बायको कळा देतेय आणि हा देवळाच्या पायरीवर बसून राहतो. अशाला घराण्याच्या दारात कसं बसवायचं?"

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मान्साला, सेर्वाच्या लेकीला, गुरुवारी दुपारी कळा सुरू झाल्या. मूल पायाळू होतं. त्यांच्या गावचं, बोन्सुक्रोमचं, दोन खाटांचं प्रसूतिगृह दोन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. दवाखाना नदीपलीकडे, मानफोक्रोमला. बुधवारी संध्याकाळी गावातली सगळी वल्ही नदीच्या देवळात कुलपात ठेवतात, ती गुरुवार सरल्यावरच बाहेर येतात. आसारे त्या कुलपापाशी बसून राहिला. वल्हं हातात आलं तेव्हा शुक्रवार लागला होता. मूल नावेतच झालं आणि शुक्रवारचं म्हणून त्याचं नाव अफुआ. त्या नावातच तो उशीर होता. मान्सा पलीकडच्या काठाला लागेपर्यंत गेली.

आराबाला या गोष्टीचा आणखी एक तुकडा ठाऊक होता, जो कुणी कधी सांगितला नव्हता. त्याआधी चार वर्षं, इंग्लंडमध्ये, एका गारठलेल्या खोलीत तिनं नवऱ्याचा प्रबंध टाइप केला होता, एकदा नव्हे, दोनदा. विषय असा: जिल्ह्यात दवाखाने थोडे, सुइणी थोड्या, पैसा त्याहून थोडा, तर कोणतं केंद्र चालू ठेवावं आणि कोणतं मिटवावं म्हणजे जास्तीत जास्त बायका तासाभरात मदतीपर्यंत पोचतील, ते गणितानं ठरवायचं. ऑपरेशन्स रिसर्च. पहिल्या खेपेला नावेसाठी थांबायच्या वेळेचा तक्ता तिनं टाइप केला, त्यात सात रकाने होते. दुसऱ्या खेपेला सहा.

"गुरुवार कुठे गेला?" तिनं विचारलं होतं.

"तो लागत नाही," ते म्हणाले होते.

तिच्या माहेरी समुद्राचा मंगळवार पाळत, त्या दिवशी एकही होडी पाण्यात जात नसे. वार म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून द्यायला नको होतं. तरी ती गप्प बसली, आणि पुढचं पान टाइप करत राहिली.

*

अफुआ आली तेव्हा जेवणं वाढली जात होती. तिनं आजीला, बादूला, मग मामांना वाकून नमस्कार केला. हात धुतले नाहीत. खांद्यावरच्या पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही काढली आणि सूपाच्या वाडग्याशेजारी ठेवली.

वही पाहून मामांचा हात फुफूवर थबकला. तिनं ते पाहिलं. ही वही तिला सापडेल हे त्यांना माहीत होतं, असं त्या क्षणी तिच्या लक्षात आलं. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच लोखंडी कपाटाची किल्ली तिच्या हातात दिली होती. तुझ्या प्रबंधाला जुनी माहिती लागेल, घे, म्हणाले होते. तिला वाटलं होतं, केवढा विश्वास. आता वाटत होतं, तोंडानं सांगता आलं नाही म्हणून किल्ली दिली.

"जेवून घे आधी," सेर्वा म्हणाली.

"आजी, एकच विचारते, मग जेवते." ती मामांकडे वळली. आवाज तिनं खाली ठेवला. मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही, हे तिला याच आजीनं शिकवलं होतं. "मामा, या वहीत नदीवर थांबायच्या वेळा आहेत. सात रकाने आखलेत. गुरुवारच्या रकान्यावर रेघ मारलीय. ती कुणी मारली?"

बादू हसला. "अगं, लग्नाचं बोलतोय आपण. हे विद्यापीठातलं विद्यापीठात ठेव."

"लग्नाचंच बोलतेय, बादूमामा."

मग तिनं सांगितलं, जसं ती वर्गात सांगते तसं, पायरी पायरीनं. मामांच्या प्रबंधात लिहिलंय की बोन्सुक्रोमच्या काठावर नावेसाठी सरासरी चव्वेचाळीस मिनिटं थांबावं लागतं. ती सरासरी सहा दिवसांची आहे. लिहिताना ती सगळ्या दिवसांची म्हणून लिहिलीय. त्या आकड्यावरून असं दिसतं की बोन्सुक्रोमची बाई तासाभरात मानफोक्रोमला पोचते, म्हणजे तिच्या गावचं प्रसूतिगृह जास्तीचं आहे. जिल्ह्याच्या आरोग्य खात्यानं ते वाचलं आणि प्रसूतिगृहाला कुलूप लावलं. त्या कामाची मामांना शाबासकी मिळाली, पुढे प्राध्यापकपद मिळालं, देशोदेशी बोलावणी आली. "मी गुरुवार घालून गणित पुन्हा सोडवलं," ती म्हणाली. "त्याच आकड्यांनी, त्यांच्याच रीतीनं. बोन्सुक्रोमचं प्रसूतिगृह बंद होत नाही. चालू राहतं."

सेर्वाला गणितातलं काही कळलं नव्हतं. शेवटचं वाक्य कळलं. तिनं भावाकडे पाहिलं, त्यानं आता लगेच नाही म्हणावं म्हणून.

"पोरगी शिकतेय अजून," बादू घाईघाईनं म्हणाला. "आकड्यांत चूक होते कधी. हो ना, प्रोफेसर?"

"तिची चूक नाही," मामा म्हणाले. "मीही सोडवलं होतं. हेच उत्तर आलं."

"कधी?" हे आराबानं विचारलं.

ती दारात उभी होती, हातात पाण्याचं भांडं. बैठकीत चाळीस वर्षांत ती पहिल्यांदा बोलली, आणि तिला गप्प राहा म्हणायचं बादूलाही सुचलं नाही.

*

कधी. मामांना तारीखही आठवत होती. मान्साच्या चाळीसाव्या दिवसाच्या विधीआधीचा शनिवार. विभागात कुणी नव्हतं. त्यांनी रेघ मारलेला रकाना पुन्हा उघडला, तिथं 'नाव नाही' एवढी एकच अट घातली आणि संगणकाला उत्तर विचारलं. यंत्राला कुणाची भीड नव्हती.

पण सुरुवात त्याच्याही आधीची. इंग्लंडमधली ती सभा, वीसेक माणसं, फळ्यावर सात रकाने. गुरुवारी नाव का नाही, हे त्यांनी समजावलं होतं, जसं आईनं त्यांना समजावलं होतं: नदी सहा दिवस आपलं ओझं वाहते, एक दिवस तिचा. एका वृद्ध शिक्षकानं, प्रेमळ माणूस होता तो, हसून विचारलं, नदी नाताळची सुट्टीही घेते का? सगळे हसले. तेही हसले. त्या हसण्यात आपलाही आवाज होता, हे मामांना पुढे कधी विसरता आलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी रेघ मारली. कुणी मार म्हणून सांगितलं नव्हतं. बाहेरच्या एखाद्यानं तो वार चुकून गाळला असता, त्याला ठाऊक नसता म्हणून. त्यांनी गाळला तो ठाऊक असल्यामुळे. आपलं गाव परक्या माणसांत हसू झालं, ते पुन्हा व्हायला नको म्हणून.

हे सगळं त्यांनी सांगितलं. मध्ये थांबले, पाणी मागितलं, पुन्हा सांगितलं. शिकवायची सवय असलेला आवाज. त्याला आज पहिल्यांदा धाप लागत होती.

"आणि चाळीसाव्याला?" सेर्वानं विचारलं.

त्या दिवशी अंगणात दोन्ही घराणी बसली होती. आसारे तान्ह्या पोरीला छातीशी धरून उभा होता. एवढंच मागत होता, की तिला गावात राहू द्या, आठवड्यातून एकदा तरी पाहू द्या. सगळ्यांनी यॉकडे पाहिलं, कारण यॉ शिकलेला. आणि यॉ म्हणाला होता, ज्याला एका दिवसाचं काम नीट करता आलं नाही, त्याच्या हाती मूल कसं द्यायचं? ते वाक्य इतकं बिनतोड होतं की आसारेनं पोर सेर्वाच्या मांडीवर ठेवली आणि निघून गेला.

"तेव्हा मला ठाऊक होतं, अक्का," मामा म्हणाले. "चार दिवसांपासून ठाऊक होतं."

सेर्वाचा रोजचा नेम आहे: पहाटे उठून अंघोळ, मग गुडघ्यांवर प्रार्थना, आजारातही चुकलेला नाही. बोलली तेव्हा ती भावाशी बोलतेय की कुणाशी, कळत नव्हतं.

"सत्तावीस वर्षं मी रोज पहाटे देवाकडे एकच मागतेय. त्या माणसाला क्षमा करायचं बळ दे. रोज. आणि रोज वाटायचं, आपलंच मन लहान, म्हणून बळ येत नाही." तिनं पदरासारखं कापड खांद्यावर ओढलं. "क्षमा करायला त्याचा गुन्हाच नव्हता, यॉ. तू मला देवासमोर खोटं पाडलंस."

ती उठली, आराबाजवळ गेली. "तुला ठाऊक होतं?"

"अर्धं," आराबा म्हणाली. "रकाना गेलेला पाहिला होता. विचारायला हवं होतं दुसऱ्यांदा."

सेर्वानं तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि खाली ठेवलं. मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. नणंद-भावजयीत त्या दिवशी काय बोलणं झालं ते बाहेर कुणाला ऐकू आलं नाही.

बादू खिडकीबाहेर ऊन पाहत होता. मघापर्यंत तो मामांच्या बाजूनं ठाम बसला होता. आता कुठल्या बाजूला बसावं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं रीतीचा आधार घेतला. घराण्यानं ज्याला दाराबाहेर काढलं त्याला घराण्यानंच जाऊन आणायचं. एक बाटली, एक मेंढा, आणि सगळ्यांसमोर माफी. "मी आज जातोच आहे. माझ्या तोंडानं सांगतो त्याला. तू म्हातारा झालास, त्या रस्त्यानं तुझी कंबर राहायची नाही."

"निरोप दे फक्त. मी उद्या येतो."

"उद्या गुरुवार आहे, प्रोफेसर. गणितात नसेल तुझ्या, नदीवर आहे." त्यानं हे बोचेल असंच म्हटलं, आणि म्हटल्यावर त्यालाच अवघड झालं.

"त्याच दिवशी यायचंय मला," मामा म्हणाले.

अफुआनं वही उचलून पिशवीत ठेवली. ती रडली नाही, की मामांजवळ गेली नाही. एवढंच म्हणाली, की तुम्हाला आता गाडी चालवता येत नाही, मी नेते. आणि हात धुऊन आली, गार झालेलं सूप प्यायली, कारण जेवते असं तिनं आजीला सांगितलं होतं.

*

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ते नदीवर पोचले. हरमट्टनच्या कोरड्या वाऱ्यानं आणलेली धूळ पाण्यावर उतरली होती. पलीकडचा काठ फिकट दिसत होता, पण दिसत होता. नाव तिकडेच, साखळीनं बांधलेली. या काठावर एकही माणूस नव्हता. गावच्यांना वार ठाऊक. थांबायला लागतं ते ज्याला नेमकं त्याच दिवशी जाणं भागच आहे त्याला.

गाडीत मागे मेंढा होता, तो अधूनमधून काच चाटत होता. मामांनी बाटली कागदात गुंडाळून मांडीवर घेतली होती आणि ते एका आडव्या खोडावर बसले होते. अफुआ त्यांच्या शेजारी बसली.

"इथं आणि पलीकडे, दोन्ही काठांवर बसायचो मी घड्याळ घेऊन," ते म्हणाले. "आठ आठवडे. कोण किती वाजता आलं, नाव किती वाजता लागली. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार, रविवार."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी आईकडे. ती पामच्या फळांचं सूप करायची. मी झोपायचो." त्यांनी पाण्याकडे पाहिलं. "नदीवर मी गुरुवारी कधी बसलोच नाही."

अफुआला त्यांची दया येत होती आणि ती येऊ नये असंही वाटत होतं. ज्या माणसानं तिला पहिल्यांदा अंक गिरवायला शिकवलं, तिचं बोट धरून, तोच हा. शिकवणारा आणि खोटं लपवणारा, दोन्ही माणसं एकाच खोडावर बसली होती आणि तिला एकाला उठवून दुसऱ्याला ठेवता येत नव्हतं.

दहाच्या सुमाराला पलीकडे कुणीतरी आलं. उंच, किंचित वाकलेला माणूस, डोकं पांढरं. मामा उठून उभे राहिले. त्यांच्या आठवणीतला आसारे तिशीचा होता, काळ्या दाट केसांचा. त्या माणसाशी बोलायची वाक्यं त्यांनी गेले कित्येक महिने मनात जुळवली होती, आणि ती या म्हाताऱ्याला लागू पडतील का, हे त्यांना कळेना.

नदीच्या वारी पाण्यावरून हाक मारत नाहीत. माणूस जात नाही तसा आवाजही जात नाही. आसारे बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग वळला आणि झाडीत निघून गेला.

"गेला," मामा म्हणाले. ते पुन्हा खोडावर बसले. "बरोबर आहे त्याचं. चल, पोरी. शुक्रवारपर्यंत कशाला बसतेस. शनिवारी ती खुर्ची रिकामी ठेवू. मीही बसणार नाही तीत."

"मी थांबतेय," अफुआ म्हणाली. तिनं पिशवीतून निळी वही काढली, रेघ मारलेला रकाना शोधला आणि रेघेच्या शेजारी, उरलेल्या चिंचोळ्या जागेत, लिहिलं: आठ वाजून दहा. नाव लागायच्या वेळेसाठी खाली जागा सोडली.

तिनं मान वर केली तेव्हा आसारे परत आला होता. दोन्ही हातांत दोन लाकडी तिवया होत्या. त्यानं त्या अगदी पाण्याजवळ, शेजारी शेजारी मांडल्या, खालची वाळू पायानं सारखी केली, आणि एकीवर त्यांच्याकडे तोंड करून बसला.

दुसरी रिकामी होती. ती कुणासाठी, हे विचारायला मध्यरात्र उलटायची वाट पाहणं भाग होतं. मामांनी बाटली मांडीवरून काढून सावलीत ठेवली, आणि दोघंही खोडावर जरा सरकून नीट बसली.